‘बरं हाय’ म्हणजे किती अंश?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. मुरुमच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या सुलोचना कोरे बाई. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात. बाईंचे मात्र मोजता येतात, कारण मोजायला मला त्यांनीच शिकवलं.

वडील मुरुमच्या मोंढ्यात पोती उचलायचे. घरात कोणी शाळेचा उंबरा नीट ओलांडला नव्हता. मी सातवीत असताना बाईंनी एकदा वर्गात गरम पाण्याची चरवी आणली आणि प्रत्येकाला बोट बुडवून पाणी किती गरम आहे ते सांगायला लावलं. कोणी म्हणालं लई गरम, कोणी म्हणालं कोमट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “वडील पोती उतरवून येतात तेव्हा त्यांची पाठ हाताला जेवढी गरम लागते, तेवढं.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “बरोबर असेल,” त्या म्हणाल्या. “आता आकड्यात सांग.” आणि त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी काच धरून पारा वाचला. बेचाळीस.

पुढं बारावी झाल्यावर वडिलांनी मला डाळमिलमध्ये लावायचं ठरवलं होतं. बाई आमच्या घरी आल्या, खाट पुढं केली तरी जोत्यावरच बसल्या आणि वडिलांशी बराच वेळ बोलल्या. सोलापुरात त्यांचे भाऊ राहत. त्यांच्या घरी राहून मी इंजिनिअर झालो. भावांनी खोली दिली, वहिनींनी ताट दिलं आणि बाई दर सुट्टीत येऊन मार्क बघून गेल्या. पदवी हातात आली त्या दिवशी वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “मग आता तू नेमकं करणार काय?”

याचं उत्तर मला बरीच वर्षं देता आलं नाही. आता देता येतं. मी गाड्यांचा ताप मोजतो.

उमरग्याला हायवेवर माझं वर्कशॉप आहे. सोलापूरकडून हैदराबादकडं जाणारी अवजड वाहतूक दारावरून जाते. साध्या मालट्रकची दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडं येतात ते बहुतेक पुलर. पुलर म्हणजे नुसतं ओढणारं डिझेल वाहन. त्याच्या मागं मोजता मोजता चुकावं इतक्या चाकांचा ट्रेलर असतो आणि त्यावर वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर, कारखान्याचा बॉयलर, नाहीतर पवनचक्कीचं डोकं. रस्त्यावर तुम्ही ते पाहिलं असेल. पुढं लाल झेंडी लावलेली जीप, मागं तुंबलेल्या गाड्या आणि मधोमध चालत्या माणसाच्या वेगानं सरकणारं ते धूड.

अशा बऱ्याच पुलरमध्ये इंजिन आणि चाकं यांना जोडणारा दुवा लोखंडाचा नसतो, तेलाचा असतो. हे समजायला घरातले दोन पंखे पुरेत. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसरा, बंद असलेला पंखाही हळूहळू फिरायला लागतो. गिअरबॉक्समध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या लोटानं दुसरा फिरतो आणि चाकं ओढतो. आता समजा ओझं फार आहे, चढ उभा आहे आणि दुसरा पंखा जागचा हलेना. पहिला तर घुसळतोच आहे. मग इंजिनाची सगळी ताकद गाडी ओढण्याऐवजी तेल तापवण्यात जाते.

ऐंशी-नव्वद अंशांवर हे तेल सुखात असतं. एकशे दहा झालं की चालकानं सावध व्हावं. एकशे वीसच्या पुढं थांबावं. त्याच्याही वर गेलं तर तेल करपतं, कढईला लागलेल्या काकवीसारखा वास येतो आणि मग आतल्या चकत्या जळतात. वास येईपर्यंत वाट बघणं म्हणजे भाजी करपल्यावर चुलीकडं बघणं. म्हणून या तेलाचा ताप दाखवणारा स्वतंत्र काटा हवा. जुन्या पुलरमध्ये तो नसतो, किंवा असतो आणि कधीचा बंद पडलेला असतो. तो बसवणं, तेल थंड करणारा कूलर बसवणं आणि चालकाला काटा बघायची सवय लावणं हा माझा धंदा. पहिली दोन कामं पान्यानं होतात. तिसरं पान्यानं होत नाही.

मुरुमचेच एक आप्पा आहेत. ते ट्रेलरवरून पोकलेन नेतात. काटा बसवून गेले आणि पंधरवड्यात तावातावानं परत आले. म्हणाले, मीटर बसवल्यापासून गाडी तापायला लागलीय, आधी कधी तापत नव्हती. मी म्हणालो, आप्पा, आधीही तापत होती, फक्त दिसत नव्हतं. “तेच म्हणतोय म्या,” आप्पा म्हणाले. “न दिसलेलं बरं. काढून टाका.”

मी विचारलं, “आप्पा, तुमची शुगर काय म्हणते?”

“तीबी तपासल्यापासनंच वाढलीय,” आप्पा म्हणाले.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, काटा बसवा, पण तो सदा हिरव्या पट्ट्यातच राहील असं काहीतरी करा, गाडीत पाहुणे बसतात, लाल दिसलेलं बरं वाटत नाही. मी नाही म्हणालो. त्यांनी ते काम दुसरीकडं करून घेतलं. काही महिन्यांनी त्यांची गाडी दुसऱ्या गाडीनं ओढून माझ्या दारात आणली. काटा हिरव्यातच होता.

हसण्यासारखं आहे, पण एक सल आहे. गिअरबॉक्स जळला की पहिला दोष चालकाच्या माथी. बापाच्या वयाची चांगली माणसं मी या एका कारणानं घरी बसलेली पाहिली आहेत. त्यांच्यासमोर काटाच नव्हता, तरी ‘लक्ष दिलं नाही’ म्हणून बोलणी त्यांनी खाल्ली. त्यांच्यापर्यंत मी उशिरा पोचलो. काशिनाथ मामांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी धरलं होतं.

काशिनाथ मामा उमरग्याजवळच्या एका खेड्यातले. गुरुलिंग अण्णांच्या ट्रान्सपोर्टवर ते कित्येक वर्षं पुलर चालवतात. भरदार मिशा, बोलणं हळू आणि कशालाच नाही म्हणायचं नाही हा स्वभाव. अण्णा म्हणजे उमरग्याचे जुने व्यापारी. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि रागावले की दोन्ही. या गोष्टीच्या आदल्या वर्षी नळदुर्गच्या बाजूला चढावर मामांच्या पुलरचा गिअरबॉक्स जळाला होता. लोड रस्त्यात अडकला, पार्टी चिडली. अण्णांनी मामांना शेवटचं सांगितलं होतं, “आणि एकदा असं झालं तर काशिनाथ, तू यार्डाच्या फाटकावर बसायचं. पुलर दुसऱ्याला.”

फाटकावर बसणं म्हणजे पगार थोडा कमी, एवढंच नव्हे. मामा गावात ‘पुलरवाले’ म्हणून ओळखले जातात. लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवून रस्त्यावरच्या गोष्टी सांगायला लावतात. फाटकावरच्या माणसाला कोण गोष्टी विचारतं?

अशातच परंड्याकडून भूमच्या माळावर पवनचक्कीचं डोकं चढवायचं काम आलं. त्याआधी अण्णांनी मामांचा पुलर माझ्याकडं धाडला. काटा बसवा, कूलर बसवा, आणि या खेपेला बरोबर तुम्हीही चला, असं सांगितलं.

आता चूक कुठं झाली ते ऐका. मामांच्या पुलरमध्ये चालकासमोर तुळजाभवानीचा फोटो आणि त्याला एक लांब कवड्यांची माळ असते. गाडी वर्कशॉपला लावायची म्हणजे सगळ्यांचे तेलकट हात लागणार. म्हणून मामांनी फोटो आणि माळ उतरवून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून घरी नेली होती. मला पॅनेलवर एक छान मोकळी जागा दिसली. चालकाच्या अगदी नजरेसमोर. मी खूश होऊन काटा तिथं बसवला. जागा मोकळी का आहे, हा प्रश्न मला पडला नाही. निघायच्या दिवशी सकाळी मामांनी आंघोळ करून देवीला परत जागेवर बसवलं आणि माळ सोडली. ती बरोबर काट्यावर आली.

हे मला माहीत नव्हतं, कारण मी पुढच्या जीपमध्ये होतो. अण्णा मागून त्यांच्या गाडीनं येणार होते. चढ सुरू झाला तसं मी वॉकीटॉकीवर विचारलं, “मामा, काटा किती?”

“बरं हाय.”

“बरं म्हणजे किती?”

“बरं हाय की. काळजी करू नगा.”

मामांना देवीची माळ हातानं बाजूला सारायची नव्हती आणि मला नाराजही करायचं नव्हतं. म्हणून ते खोटं न बोलता जमेल तेवढं खरं बोलत होते. गाडी चालली होती, म्हणजे बरंच होतं. मीही दोनदा विचारलं आणि गप्प बसलो. मोठ्या माणसाला किती वेळा टोकायचं?

एका वळणावर वाऱ्याबरोबर तो वास आला. करपलेल्या काकवीचा. मी जीप थांबवून मागं धावलो. मामांनीही गाडी थांबवली होती. केबिनमध्ये चढून पाहतो तर समोर देवी, खाली कवड्या आणि कवड्यांच्या आड काटा. मी म्हणालो, मामा, माळ जरा उचला. त्यांनी दोन्ही हातांनी, नमस्कार केल्यासारखी, माळ उचलली. एकशे चोवीस.

मामांचा चेहरा उतरला. “बसलो म्या फाटकावर,” एवढंच म्हणाले, आणि त्यांचा हात चावीकडं गेला.

मी तो हात धरला. “बंद करू नका, मामा.”

इथं वाचकांना एक सांगायला हवं. तेल तापलं की गाडी बंद करायची नसते. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की तेल जागच्या जागी उकडत बसतं. गाडी न्यूट्रल करून इंजिन थोडं चढ्या आवाजावर चालू ठेवलं तर तेल कूलरमधून फिरतं आणि निवतं. पण आपल्याकडं दमलेल्या जनावराला आधी थांबवायचं, मग पाणी दाखवायचं, ही पिढ्यांची रीत. नळदुर्गच्या बाजूला मामांनी तेच केलं होतं. गाडी बंद केली आणि गिअरबॉक्सवर घागरी ओतल्या. उरलासुरला जीव त्यानं गेला.

तोवर गर्दी जमली होती. मागं-पुढं गाड्या अडकल्या होत्या. वरून परंड्याकडं उतरणारी एसटी समोर उभी होती. शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारबाबा भरलेली कळशी घेऊनच आले होते. ‘ओता, ओता, जीव तळमळतोय तिचा’ म्हणून ते घाई करत होते. मामांची नजर कळशीकडं, हात चावीवर. अण्णांची गाडी कोणत्याही क्षणी येणार. इंजिन चालू ठेवून बसलेला चालक अण्णांना काय दिसणार, हे मामांना कळत होतं. आणि पंप, कूलर, तेलाचा दाब हे सगळं माझं पुस्तकी बोलणं त्यांच्या कानावरून जात होतं.

तेव्हा मला चरवी आठवली. बाईंनी माझं ‘वडिलांच्या पाठीएवढं’ हे उत्तर चूक म्हटलं नव्हतं. आधी ते घेतलं, मग आकडा दिला होता. मी विचारलं, “मामा, तुमच्या वडिलांचा बैल शंकरपटात पळायचा ना?”

“व्हय. लई पळायचा.”

“पळून आल्यावर त्याला लगेच दावणीला बांधायचे?”

“छ्या. बांधला तर आखडंल की. आधी फिरवायचा, हळूहळू, धाप जाईपर्यंत. मग बांधायचा.” बोलता बोलता मामा थांबले. चावीवरचा हात आपोआप सुटला. “म्हंजे हिलाबी फिरवायचं म्हणता?”

“जागेवरच फिरवायचं. तेलाला.”

मामांनी न्यूट्रल केलं आणि पाय थोडा दाबला. इंजिनाचा आवाज चढला. म्हातारबाबांनी कळशी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं, जणू त्यांना हे पाहवत नव्हतं. काटा काही वेळ जागचा हलला नाही. मामा एका हातानं माळ वर धरून त्याच्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिलो. मनातून मीही घाबरलो होतो, हे आता लिहायला हरकत नाही.

मग तो हलला. “एकशे बावीस,” मामा म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

एसटीच्या कंडक्टरबाई काय चाललंय ते बघायला पुलरच्या पायरीवर चढल्या होत्या. त्यांनी ते ऐकून मागं वळून सांगितलं, “एकशे बावीस!” त्यांच्या गाडीतल्या लोकांनी खिडक्यांतून डोकी काढली. त्यानंतर मामांनी आकडा सांगायचा आणि कंडक्टरबाईंनी तो पोचवायचा असं सुरू झालं. एकशे अठरा. एकशे चौदा. एकशे सात. लोक पैजा लावू लागले. शेवटी कंडक्टरबाई त्यांच्या रोजच्या सुरात म्हणाल्या, “चला, शंभर आलं, शंभरवाले उतरून घ्या.” सगळा रस्ता हसला. म्हातारबाबासुद्धा हसले आणि त्यांनी ती कळशी आम्हालाच प्यायला दिली.

तेवढ्यात अण्णा आले. गाडीतून उतरले ते तापूनच. “काशिनाथ, काय झालं?”

मामांनी नेहमीसारखं ‘बरं हाय’ म्हटलं नाही. ते म्हणाले, “एकशे चोवीस झालं हुतं, अण्णा. आता अठ्ठ्याण्णव हाय. नव्वद झालं की निघतो.”

“हौदा?” अण्णांच्या तोंडून कन्नड निघालं, ‘असं का?’ त्यांना रागवायला काही सापडेना. वर चढून त्यांनी स्वतः काटा पाहिला. मग म्हणाले, “हे मागच्या खेपेला का बोलला नाहीस?”

“मागच्या खेपंला काटाच कुटं हुता, अण्णा? आन् तुमी फोनवर इचारलं, बरं हाय का. म्या म्हणलं, बरं हाय.” मामांनी मिशीवरनं हात फिरवला. “किती हाय, असं कुणी इचारलंच न्हाय.”

अण्णा परत त्यांच्या गाडीत न बसता मामांच्या शेजारी केबिनमध्ये बसले. वरपर्यंत सगळा चढ त्यांनी कवड्यांची माळ स्वतःच्या हातानं उचलून धरली आणि मामा खालच्या गिअरमध्ये, काटा बघत, एकशे दहाला थांबत, तेल फिरवत चढत राहिले. माळावर पोचलो तेव्हा मोठ्या पात्यांच्या सावल्या रस्त्यावरून फिरत होत्या. अण्णांचा हात अवघडला होता. मामांचा चेहरा मात्र लग्नातल्या पहिल्या पंगतीला बसल्यासारखा होता.

काट्याचं नंतर काय झालं आणि फाटकावर कोण बसलं, ते मी बाईंना लिहिलं होतं. बाई आता लातूरला लेकीकडं, आमच्या ताईंकडं असतात. त्यांना ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून आमचा पत्रव्यवहार आहे. ते पत्र इथं तसंच देतो.

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

परंड्याकडून भूमच्या माळावर चढवलेल्या पवनचक्कीच्या डोक्याची हकिकत मागच्या पत्रात लिहिली होती. पुढचं आज लिहितो.

परत आल्यावर मी मामांना विचारलं, देवीला जरा बाजूला सरकवू का? मामा म्हणाले, “देवीला न्हाय, काट्याला सरकवा. वर घ्या, तिच्या शेजारी.” आता काटा देवीच्या फोटोला लागून आहे. निघताना मामा हात जोडतात तेव्हा दोघांचंही दर्शन होतं. खंडेनवमीला त्यांनी पुलरची पूजा केली आणि काट्यालाही हळदकुंकू वाहिलं, तेही काचेवर. आकडे दिसेनात. मी पुसायला गेलो तर म्हणाले, राहू द्या, म्या पुसतो. आता कुंकू फक्त कडेला लावायचं असं ठरलं आहे.

अण्णांनी फाटकावर दुसरा माणूस ठेवला. मामा पुलरवरच आहेत. अण्णांनी बाकीच्या पुलरलाही काटे बसवायला सांगितलं आहे. अट एकच, देवीच्या शेजारी. एका पुलरमध्ये देवी नाही, वीरभद्र आहे. तिथं वीरभद्राच्या शेजारी.

सगळ्यात गंमत म्हणजे मामा हल्ली रामराम म्हणत नाहीत. फोन उचलला की आधी आकडा सांगतात. काल मी सहज फोन केला होता, तर पलीकडून आवाज आला, “इंजिनिअर, अठ्ठ्याऐंशी.” गाडी यार्डात उभी होती आणि मामा घरी जेवत होते. मी म्हणालो, मामा, कशाचे अठ्ठ्याऐंशी? म्हणाले, “मघाशी यार्डात लावली तवाचे. तुमी इचारणारच म्हणून ध्यानात ठिवले हुते.”

तुम्ही मला थर्मामीटर हातात दिला होता, बाई. आता तो उमरग्यात पुष्कळांच्या हातात गेला आहे.

तुमच्या गेल्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे, ‘माझी तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस.’ ताईंकडून मात्र कळलं की डॉक्टरांनी तुम्हाला रोज बीपी तपासायला सांगितलं आहे, आणि ते यंत्र कपाटात ठेवलेलं आहे.

बरं आहे, हे उत्तर बरोबर असेल. आता आकड्यात सांगा.

तुमचा विद्यार्थी,
बसवराज